बेरीजबाई आणि क्रमांक तीनशे सतरा

बेरीजबाईंकडे बोट दाखवायला कुठे जागाच नव्हती, असं निदान त्यांचं स्वतःचं मत होतं. सव्वीस वर्षं त्या विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात बसून लोकांनी भरलेल्या फॉर्मांमधले आकडे नोंदवत होत्या. आधी जाडजूड वह्यांमध्ये, मग संगणकात. एकदा सगळे आकडे भरायचे, मग पुन्हा पहिल्यापासून भरायचे, आणि दोन्ही वेळचे जुळले तरच पुढचा फॉर्म उचलायचा, ही त्यांची रीत. या रीतीपायी विभागातल्या प्राध्यापकांचे निकाल महिनामहिना रखडायचे आणि ते आतल्या आत चरफडायचे. पण बाईंचा एक आकडा चुकलाय असं दाखवून देणारा माईचा लाल अजून जन्माला यायचा होता. ‘बेरीजबाई’ हे नाव पोरांनी टिंगल म्हणून ठेवलं होतं. बाईंनी ते पदवीसारखं मिरवलं.

आकडे त्यांच्या लक्षात राहायचे, माणसं राहायची नाहीत. वरच्या मजल्यावरच्या शेजारणीच्या विजेच्या मीटरचा क्रमांक त्यांना तोंडपाठ होता, पण तीच शेजारीण बाजारात समोर येऊन हसली की बाई तिला विचारायच्या, “कुठल्या वर्षाला गं तू?” शेजारीण साठीची होती. तिनं हे दोनदा सहन केलं आणि तिसऱ्या वेळेपासून हसणंच सोडून दिलं.

बाईंची बसायची जागा म्हणजे खोली क्रमांक अकरा. ही खोली खरी समुपदेशकाची. ज्या विद्यार्थ्याला आयुष्य जड झालंय त्यानं इथं यायचं, बसायचं, मन मोकळं करायचं, अशी विद्यापीठाची योजना होती. सहा वर्षांपूर्वी ते समुपदेशक ‘इथे मन रमत नाही’ असं राजीनाम्यात लिहून निघून गेले. त्यांची जागा भरायचा प्रस्ताव तेव्हापासून या टेबलावरून त्या टेबलावर हवापालट करत होता. मधल्या काळात बाईंच्या जुन्या खोलीचं छत गळायला लागलं, म्हणून त्यांचा संगणक, कपाट आणि फॉर्मांचे गठ्ठे तात्पुरते अकरा नंबरात हलवले. त्या तात्पुरत्याला आता पाच वर्षं झाली होती. समुपदेशकाच्या आरामखुर्चीवर गठ्ठे आराम करत होते. दारावरची ‘समुपदेशन’ ही पाटी मात्र तशीच होती, कारण पाटी उतरवायची तर बांधकाम विभागाला तीन प्रतींमध्ये अर्ज करावा लागतो, आणि एवढा उत्साह विभागात कोणाकडे नव्हता.

त्या वर्षी विभागप्रमुखांनी एक मोठं काम काढलं. त्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत. सर मानसिक त्रास या विषयातले मोठे जाणकार, आणि त्यांच्या हाताखाली काम केलेल्या प्रत्येकाला त्या विषयाचा थोडाफार अनुभव होता. परदेशातल्या कुठल्याशा पंडितांनी वीस प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली होती. विद्यार्थ्याच्या मनाला किती त्रास होतोय हे तिनं मोजायचं. सरांनी ती आपल्या भाषेत आणली. पण फुटपट्टीनं मोजायचं तर आधी फुटपट्टीवर भरवसा हवा. म्हणून चारशे विद्यार्थ्यांकडून ती भरून घ्यायची, पंधरा दिवसांनी त्याच चारशेंकडून पुन्हा भरून घ्यायची, आणि दोन्ही वेळची उत्तरं जुळली की फुटपट्टी खरी. बाईंना ही कल्पना मनापासून पटली. सर आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या रीतीनं वागत होते.

भाषांतराला पाच जणांची समिती होती. ‘तुम्हाला झोप लागत नाही का?’ हा साधा प्रश्न समितीच्या तीन बैठका सोसून बाहेर आला तेव्हा ‘गत पंधरवड्यात आपणांस निद्रेविषयी बाधा कितपत अनुभवास आली?’ असा होऊन आला. उत्तराला पाच गोल. शून्य म्हणजे कधीच नाही, चार म्हणजे सतत. वीस प्रश्न, कमाल बेरीज ऐंशी. फॉर्मवर नाव घालायचं नाही, नुसता छापील क्रमांक. त्याच क्रमांकाची चिठ्ठी विद्यार्थ्यानं जवळ ठेवायची, म्हणजे दुसऱ्या फेरीत तोच क्रमांक घालता येतो. कोणता क्रमांक कोणाचा, याची यादी ठेवायचीच नाही. का, तर गोपनीयता. हा शब्द उच्चारताना सर आवाज खाली आणायचे.

घोडं अडलं ते नैतिकता समितीपाशी. तिनं लेखी विचारलं, ‘प्रश्न वाचून एखादा विद्यार्थी अस्वस्थ झाल्यास काय व्यवस्था आहे?’ सरांनी दोन मिनिटांत व्यवस्था केली. फॉर्मच्या तळाला, मुंगीलाही चष्मा लागेल इतक्या बारीक अक्षरात एक ओळ टाकली: ‘अस्वस्थ वाटल्यास खोली क्रमांक ११ मध्ये संपर्क साधावा.’ समिती खूश, परवानगी मंजूर. अकरा नंबरात बसणाऱ्या बाईंना हे कळवायचं मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही.

पहिली फेरी परीक्षेच्या मोठ्या हॉलमध्ये झाली. सरांनी हजेरीचे पाच गुण जाहीर केले होते, त्यामुळे झाडून सगळे आले. फॉर्म हातात पडल्या पडल्या मागच्या रांगेतून आवाज आला, “सर, हे मार्काला आहे का?” आणि मग जित्याची खोड. पोरं परीक्षेसारखी इकडेतिकडे बघून लिहायला लागली. “ए, सातवा काय टाकलास?” “दोन.” “मी तीन टाकलंय.” “खोड मग, दोनच आहे.” पंख्याखालच्या बाकांवरच्या सहा जणांचं दुःख तंतोतंत सारखं निघालं. एका कलावंतानं गोल असे भरले की पानभर नागमोडी साप तयार झाला. पहिल्या रांगेतल्या एका हुशार मुलीनं स्वतःची बेरीज केली, ती एकवीस आली, तेव्हा पडेल चेहऱ्यानं तिनं विचारलं, “मॅडम, हायेस्ट किती आहे?” बाईंनी तिच्या हातातून फॉर्म काढून घेतला आणि मनाशी म्हणाल्या, यांना कसला त्रास, हेच सगळ्यांना त्रास आहेत.

तीन दिवसांनी, भर दुपारी, अकरा नंबराच्या दारात कोणीतरी येऊन उभं राहिलं. बाई दोनशे बाराव्या फॉर्मचे आकडे दुसऱ्यांदा भरत होत्या. अशा वेळी भूकंप झाला असता तरी त्यांनी आधी ओळ पुरी केली असती.

“येऊ का? फॉर्मवर खाली लिहिलंय, म्हणून आले.”

बाईंनी पडद्यावरची नजर न हलवता हात पुढे केला. मुलीनं फॉर्म दिला. कोरा होता. हॉलमधून तसाच घेऊन निघून गेली असणार. असे आळशी दर वेळी पाच-सहा तरी असायचेच.

“राहिला ना भरायचा? मग तेव्हाच नाही का भरायचा?”

“नाही, म्हणजे मला जरा बोलायचं—”

“बोलून काय होणार आहे? भर आता. बस तिथं. गठ्ठे खाली ठेवू नकोस, कडेला टेक नुसती. आणि एकही प्रश्न रिकामा सोडू नकोस, मग माझ्या डोक्याला ताप होतो.”

मुलगी आरामखुर्चीच्या काठावर टेकली आणि मांडीवर कागद ठेवून भरत राहिली. तेवढ्यात बाईंचे आणखी तीन फॉर्म झाले. तिनं कागद पुढे केल्यावर बाईंनी पेन्सिलीच्या टोकानं टकटक करत उत्तरं मोजली. वीसच्या वीस. एकही रिकामं नाही.

“छान,” बाई म्हणाल्या. “चिठ्ठी जपून ठेव. आणि दार ओढून घे जाताना.”

मुलगी जरा वेळ तशीच उभी राहिली. मग तिनं दार ओढून घेतलं.

तो फॉर्म क्रमांक तीनशे सतरा. दोन दिवसांनी तो नोंदवायची पाळी आली. चार, चार, चार, शून्य, चार, चार. बाईंना आधी वाटलं, टवाळी. सगळीकडे एकच उत्तर ठोकून मोकळ्या होणाऱ्यांचा त्यांच्याकडे वेगळा गठ्ठाच असायचा. पण या प्रश्नावलीत चार प्रश्न मुद्दाम उलटे घातलेले होते. ‘आपणांस आनंदी वाटते का’ अशा थाटाचे. टवाळ पोरं न वाचता तिथंही चारच टाकतात आणि बरोबर सापडतात. या मुलीनं त्या चारही जागी शून्य टाकलं होतं. म्हणजे हिनं एकूण एक प्रश्न वाचून उत्तर दिलं होतं. उलटे प्रश्न सुलटे करून बेरीज आली ऐंशी. बाईंनी पुन्हा सगळं भरलं. ऐंशीच. सव्वीस वर्षांत पैकीच्या पैकी कोणाला पडलेले त्यांनी पाहिले नव्हते. खरं सांगायचं तर त्यांना चक्क कौतुक वाटलं.

बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बारीकबारीक चाकांशी जमवून घ्यायचं, त्यामुळे बोलणं मोजकं. त्या संध्याकाळी चहा पिताना बाईंनी त्यांना सांगितलं, “अहो, आज गंमत झाली. एका मुलीला ऐंशीपैकी ऐंशी.”

“परीक्षेत?”

“परीक्षेत कुठले! त्या त्रासाच्या फॉर्ममध्ये. परवा माझ्याकडेच बसून भरला होता तिनं.”

यजमानांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. “मग काय म्हणाली?”

“कोण?”

“ती मुलगी.”

“ती काय म्हणणार? भरला आणि गेली.”

“पण तुझ्या खोलीत कशाला आली होती?”

“फॉर्म द्यायला. खाली काहीतरी लिहिलंय म्हणत होती.”

“काय लिहिलंय खाली?”

बाईंना सांगता येईना. एवढे फॉर्म त्यांच्या हाताखालून गेले होते, पण विसाव्या प्रश्नाच्या खाली त्यांची नजर कधी उतरलीच नव्हती, कारण तिथं नोंदवण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडल्याबरोबर त्यांनी फॉर्म उजेडात धरून ती ओळ वाचली. वाचली, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग त्यांनी तीनशे सतरा पुन्हा काढला आणि पहिल्यांदाच आकडा सोडून प्रश्न वाचला. एकोणिसावा: ‘आपण नसलेलेच बरे, असे आपणांस कितपत वाटते?’ तिथला चारचा गोल इतका दाबून भरला होता की कागदाच्या मागच्या बाजूला उंचवटा आला होता.

बाईंनी मुलीचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. काही म्हणजे काही आठवलं नाही. कपडे नाहीत, केस नाहीत, आवाजसुद्धा नाही. फॉर्मवर एवढंच होतं: स्त्री, वय एकोणीस, दुसरं वर्ष. दुसऱ्या वर्षात एकूण आठशे बारा मुली होत्या. हा आकडा मात्र झटकन आठवला, आणि बाईंना स्वतःचाच संताप आला.

त्या तडक सरांकडे गेल्या. सर कुठल्याशा परिषदेत करायचं भाषण लिहीत होते.

“सर, ही मुलगी शोधली पाहिजे.”

सरांनी फॉर्म पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला, पण भलत्याच कारणानं. “ऐंशी? बाई, ही टोकाची नोंद आहे. अशी एक नोंद सगळा आलेख वाकडा करून टाकते. वगळा ती.”

“म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त ताप, त्यालाच तापाच्या मोजणीतून काढायचं?”

“शास्त्रात तसंच करतात.”

“शास्त्रात करा हो. मुलीचं काय करायचं?”

“मुलगी कोण ते आपल्याला माहीत नाही आणि माहीत करून घेताही येत नाही.” सरांनी आवाज खाली आणला. “गोपनीयता. शिवाय आपण व्यवस्था केलेली आहेच की. अस्वस्थ वाटलं तर खोली क्रमांक अकरा.”

“सर, खोली क्रमांक अकरा म्हणजे मी.”

“तात्पुरत्या,” सर म्हणाले आणि पुन्हा भाषणाकडे वळले.

बाईंना माणूस शोधायची एकच रीत ठाऊक होती. त्यांनी सूचनाफलकावर कागद लावला: ‘क्रमांक ३१७ ने खोली क्रमांक ११ मध्ये त्वरित भेटावे.’ हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुपारपर्यंत अकरा नंबराबाहेर नऊ तीनशे सतरा उभे होते. त्यातल्या दोघांना मिशा होत्या. एकीला शिष्यवृत्ती मिळाल्याची खात्री होती. एक जण म्हणाला, “मॅडम, मी सातशे तेरा आहे, पण आकडे तेच आहेत, चालेल का?” चारशे फॉर्मांमध्ये सातशे तेरा कुठून आला हे त्याला सांगता आलं नाही. बाईंनी नऊच्या नऊ जणांना हाकलून दिलं. जिनं गोपनीयतेच्या भरवशावर खरं लिहिलं, तिला स्वतःचा क्रमांक चारचौघांत टांगलेला बघून काय वाटलं असेल, हे बाईंच्या लक्षात आलं ते कागद लावल्यावर चार तासांनी. तोवर सरांनी येऊन तो टराटरा फाडला होता. त्या एका बाबतीत सर बरोबर होते, आणि सर बरोबर असणं बाईंना फार झोंबलं.

आता हाती उरली ती दुसरी फेरी. ती नऊ दिवसांवर होती. तीनशे सतरा त्या दिवशी आली तर आली. तोवर ती जगात असली पाहिजे, एवढंच बाईंचं मागणं होतं. त्या रोज सकाळी मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिकेला फोन करायला लागल्या.

“सगळ्या मुली हजर आहेत ना?”

“आहेत की.”

“नक्की? मोजल्यात?”

“अहो बेरीजबाई, मुली आहेत त्या, बटाटे नाहीत.”

चौथ्या दिवसापासून अधीक्षिकेनं फोन उचलणं बंद केलं. मग बाई वर्गांबाहेर घुटमळायला लागल्या, मुलींचे चेहरे बघत. हा उद्योग त्यांनी सव्वीस वर्षांत केला नव्हता, त्यामुळे तो त्यांना धड जमतही नव्हता. ग्रंथालयात एका मुलीचे डोळे लाल, नाक लाल. बाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि शक्य तेवढ्या मऊ आवाजात म्हणाल्या, “बाळ, सांग मला.” मुलगी म्हणाली, “मॅडम, सर्दी आहे. जरा लांब बसा, तुम्हाला लागेल.” त्या आठवड्यात बाईंच्या नोंदींमध्ये पहिल्यांदा चुका झाल्या. दोन वेळचे आकडे जुळेनात आणि गठ्ठे तसेच पडून राहिले.

दुसऱ्या फेरीला गुण नव्हते, त्यामुळे एकशे छत्तीस जण फिरकलेच नाहीत. “गळती,” सर शांतपणे म्हणाले. “शास्त्रात धरलेलीच असते.” एरवी शिपाई गठ्ठ्यानं फॉर्म गोळा करायचा. बाईंनी हॉलच्या दारात टेबल ओढलं आणि जाहीर केलं, प्रत्येकानं फॉर्म माझ्या हातात द्यायचा. रांग लागली, पोरं कुरकुरली, सर घड्याळाकडे बघायला लागले. बाई आधी क्रमांक बघत होत्या, मग तोंड बघत होत्या, मग पुढचा.

दोनशे एकसष्टावा फॉर्म तीनशे सतराचा होता.

नऊ दिवस बाईंच्या डोळ्यांसमोर एक पांढरीफटक मुलगी होती, डोळ्यांखाली काळं, केस विस्कटलेले. समोरच्या मुलीनं नखांना हिरवा रंग लावला होता आणि ती मैत्रिणीला कोपर मारून कशावर तरी खिदळत होती. फॉर्म टेबलावर टाकून ती निघालीसुद्धा. बाईंनी उत्तरांवरून नजर फिरवली. एवढ्या बेरजेला त्यांना श्वासभर वेळ पुरायचा. नऊ. ऐंशीवरून थेट नऊ. पहिल्यांदा त्यांना हायसं वाटलं. लगेच भीती वाटली, कारण पंधरा दिवसांत कोणाच्याही ऐंशीचे नऊ होत नाहीत, हे ओळखण्याइतके फॉर्म त्यांनी आयुष्यात भरले होते.

“थांब गं,” त्या ओरडल्या. “हिचा एक गोल राहिलाय. तू जा पुढे,” हे मैत्रिणीला. हातातला गठ्ठा शिपायाच्या अंगावर टाकून त्या मुलीला घेऊन शेजारच्या रिकाम्या वर्गात शिरल्या आणि दार लावून घेतलं.

“कुठला राहिला?” मुलीनं विचारलं.

“कुठलाच नाही. मागच्या वेळी तुझे ऐंशी होते.”

मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. “तुम्हाला कसं ठाऊक? नाव नव्हतं घालायचं.”

“माझ्या खोलीत बसून भरला होतास तू.”

“त्या तुम्ही का?” मुलीनं त्यांना नीट पाहून घेतलं. “तुम्ही तेव्हा मान वर केलीच नाहीत. मला नुसते तुमचे केस दिसत होते.”

बाईंनी तिच्यासाठी बाक पुढे ओढला.

“मी बोलायला आले होते. तीन दिवस ठरवत होते, जायचं का नाही, जायचं का नाही. तुम्ही म्हणालात, बोलून काय होणार, भर. म्हणून भरला. सगळं खरं खरं भरलं. म्हटलं, हे वाचून तरी कोणी बोल म्हणेल. तुम्ही मोजलंत सगळं. एकोणिसाव्यावर पण पेन्सिल टेकवलीत. आणि म्हणालात, छान.”

बाईंना वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. सव्वीस वर्षांत आपला आकडा चुकला नाही, या अभिमानाचं काय करावं ते त्यांना कळेना, कारण तो खराच होता. ऐंशी अगदी बरोबर होते.

“आणि आजचे नऊ?” त्यांनी विचारलं.

“आज म्हटलं, कशाला उगीच. नाहीतरी कोणी वाचत नाही. असा भरला की लवकर होतो.”

“मग खरे किती?”

मुलीनं हिरवी नखं मुठीत लपवली. “तेवढेच,” ती म्हणाली. “मागचेच.”

“चुकले मी,” बाई म्हणाल्या. “फार मोठी चूक झाली माझी. आता मी काय बोलायचं असतं ते मला येत नाही, खोटं कशाला सांगू. पण मोठ्या दवाखान्यात या कामाच्या एक डॉक्टरीणबाई बसतात. दुसरा मजला, मंगळवार आणि शुक्रवार, तीन ते सहा. मी दोनदा जाऊन बघून आलेय. आज शुक्रवार आहे.”

“आज?”

“आज. आत्ता. मी येते बरोबर.”

मुलगी नाही म्हणेल म्हणून बाई तयारीत होत्या. ती नाही म्हणाली नाही. दप्तर खांद्याला लावून उभी राहिली. दाराबाहेर सर उभेच होते. “बाई, गठ्ठा टाकून कुठे गेलात? आणि ती तीनशे सतरा आली का? दोन्ही वेळचं जुळत असेल तर ठेवू, नाहीतर वगळू.”

“तीनशे सतराची गळती झाली, सर,” बाई म्हणाल्या आणि फॉर्म चौघडी करून पर्समध्ये कोंबला. सव्वीस वर्षांत त्यांनी विभागाचा एक कपटा घरी नेला नव्हता. पुढे सरांचा निबंध छापून आला. प्रश्नावली अत्यंत भरवशाची ठरली, दोन्ही फेऱ्यांमधली उत्तरं उत्तम जुळली, असं त्यात होतं, आणि गळतीचा आकडा एकशे सदतीस दिला होता.

दवाखान्यात बाई बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. आत गेलेली मुलगी पाऊण तास बाहेर आली नाही. आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते, हातात औषधाची चिठ्ठी होती, आणि डॉक्टरीणबाईंनी तिच्यासमोर तिच्या आईला फोन लावला होता. आई उद्या सकाळच्या गाडीनं यायची होती. तोवर रात्री तिच्या खोलीवर मैत्रिणीनं झोपायचं, आणि मंगळवारी पुन्हा यायचं, असं ठरलं होतं.

परतीच्या बसमध्ये दोघी शेजारीशेजारी बसल्या. मग मुलीनं विचारलं, “तुम्ही दवाखाना दोनदा कशाला बघून आलात?”

“एकदा बघून माझा विश्वास बसत नाही.”

मुलगी किंचित हसली. “आणि मी आज फॉर्म भरायला आलेच नसते तर?”

बाईंनी तोंड उघडलं ते काहीतरी खडसावायलाच, पण निघालं भलतंच. “सकाळी पेपर यायचा ना, तो मी उघडायचेच नाही. आधी ह्यांना वाचायला लावायचे. सगळा. आतल्या पानांवरच्या बारीकसारीक बातम्यासुद्धा. कुठल्या मुलीचं तसलं काही नाही, असं ते म्हणाले की मग मी उठून कामाला लागायचे.”

“रोज?”

“रोज. काल पण. आज पण.”

मुलगी खिडकीतून बाहेर बघत राहिली. एक थांबा गेला, दुसरा गेला.

“मला वाटलं होतं,” ती म्हणाली, “कोणाला कळणारसुद्धा नाही.”

पदराचं टोक तोंडाशी धरून बाई हमसून हमसून रडायला लागल्या. बसमधली माणसं वळून बघायला लागली, आणि शेवटी मुलीलाच आपल्या दप्तरातली पाण्याची बाटली काढून त्यांना द्यावी लागली.